वळवात पोल्ट्रीचं छप्पर उडालं. नवीन शेडला वाऱ्याचा हिशेब कसा धरायचा?

माळावरची शेड, बेळगाव तालुका (पश्चिम भाग)

नमस्कार. आमची ब्रॉयलरची शेड राकसकोपच्या वाटेवर गावाबाहेर माळावर आहे. तीस बाय शंभर फूट. तीन इंची पाइपचे खांब, एंगलच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), त्यावर आडव्या पर्लिन (पत्रे ज्यावर बसतात त्या लोखंडी पट्ट्या), वर जीआय पत्रे, ते जे-बोल्टनं (आकड्याच्या बोल्टनं) आवळलेले. लांबी पूर्व-पश्चिम, ऊन आत येऊ नये म्हणून सगळे धरतात तशीच. दोन्ही लांब बाजूंना दीड फुटाची भिंत आणि त्यावर जाळी, जाळीला सोडायचे पडदे. पावसाची झड आत येऊ नये म्हणून वळचण तीन फूट बाहेर काढलेली.

मागच्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला वळीव आला. आधी अर्धा तास झाडाचं पान हलत नव्हतं. मग खानापूरच्या अंगानं धुळीचा लोट उठला. दक्षिणेच्या वळचणीचे पत्रे फडफडायला लागले. मी आप्पांना हाक मारेपर्यंत चाळीस फुटांची पट्टी पर्लिनसकट उचलली गेली, शेडवरनं उलटी झाली आणि पलीकडच्या भाताच्या खाचरात जाऊन पडली. लगोलग पाऊस. बॅच अठरा दिवसांची होती. अडीच हजारांतले साडेचारशे पक्षी गेले. काही भिजून, बाकीचे घाबरून एका कोपऱ्यात गोळा झाले तिथं एकमेकांखाली गुदमरून. आप्पा रात्रभर बल्ब लावून उरलेल्यांजवळ बसून होते. त्यांना मी असं बसलेलं याआधी एकदाच बघितलंय, आजोबा गेले तेव्हा.

आता कोडं सांगते. दोनशे पावलांवर आजीचं जुनं कौलारू घर आहे. खानापूरची कौलं, मातीच्या भिंती. त्याची आठ-दहा कौलं सरकली, बस्स. वारा तोच. आणि शेडचे पत्रे फाटलेले नाहीत. ज्या पट्टीचं छप्पर गेलं तिथले दोन खांब खालच्या काँक्रीटच्या गड्ड्यासकट वर आलेत, कांदा उपटावा तसे.

आप्पा म्हणतात पुढच्या वेळी जाड पत्रा घालू आणि वर वाळूची पोती ठेवू. फॅब्रिकेटर म्हणतो दक्षिणेची बाजू ब्लॉकनं वरपर्यंत बांधून काढा, वारा आत येणार नाही. दोघांचंही मला पूर्ण पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. मिरगाच्या आत छप्पर चढवायचंय. कुणी या कामातलं असेल तर नीट समजावून सांगा.

---

चिक्कोडीकर

ताई, वाईट वाटलं. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीवर पोती ठेवतात, त्यानं बरंच धरून राहतं. पोती जुनी प्लास्टिकची घेऊ नका, उन्हानं फाटतात. एवढंच माहीत आहे.

---

फॅब्रिकेशन, उद्यमबाग

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बत्तीस वर्षं उद्यमबागेत शेडची कामं केली, आता मुलगा बघतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. खांब गड्ड्यासकट वर आले. वाऱ्यानं तुमची शेड ढकलली नाही, वर ओढली.

वारा म्हटलं की आपल्याला धक्काच आठवतो. भिंतीला तो धक्का देतो, खरं आहे. पण छपराच्या काठाशी आला की तो पत्र्यापासून सुटतो, वरनं वेगानं निघून जातो, आणि तिथं हवेचा दाब कमी होतो. खाली शेडमध्ये मात्र जाळीतनं घुसलेला वारा साठून दाब वाढलेला असतो. वरनं ओढ, खालनं रेटा. त्यात तुमची वळचण तीन फूट बाहेर. तिला पोटातनं सरळ उचल मिळते. म्हणून पहिली तीच गेली. कोपऱ्यांत आणि काठांना मधल्या छपरापेक्षा दीडपट-दुप्पट ओढ बसते.

आता आकडे. घर, शेड, टाकी, कशावरही वाऱ्याचा भार किती धरायचा ते आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये दिलंय. शेवटची सुधारणा २०१५ ची. मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटरवर, ३ सेकंदांचा झोत, ५० वर्षांत एखाद्या वेळी येईल असा, तो वेग मूळ धरायचा. पुणे आणि पणजीला तो सेकंदाला ३९ मीटर दिलाय, मुंबईला ४४, बंगळूरला ३३. आपल्या भागात मी ३९ धरून चालतो. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. दाब काढायला वेगाचा वर्ग करून ०.६ नं गुणायचं. ३९ चा वर्ग १५२१, त्याला ०.६, म्हणजे चौरस मीटरला ९१२ न्यूटन. आपल्या भाषेत ९३ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे त्या वर्गामुळं.

तुमचं छप्पर ३००० चौरस फूट, म्हणजे २७९ चौरस मीटर. ९३ नं गुणलं की २६ टन. ते वर ओढणारे. पत्रा, पर्लिन, कैच्या सगळं धरून तुमच्या छपराचं वजन चौरस मीटरला वीस किलोच्या वर जाणार नाही, म्हणजे साडेपाच टन. उरले वीस टन. दहा-दहा फुटांवर खांब असतील तर दोन्ही बाजूंचे मिळून बावीस. एका खांबाला जवळजवळ एक टन उचल. आता सांगा, खांबाचा खड्डा किती होता? दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल असेल तर त्यात काँक्रीट बसलं साडेपाचशे किलो. बाजूची माती थोडं धरते, पण माळावरच्या उथळ मुरमात तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? तीन बाय तीन बाय दोनचा खड्डा केला तर बाराशे किलो होतात. खांबामागं दहा घनफूट काँक्रीट जास्त लागलं, एवढाच फरक.

हा ढोबळ हिशेब आहे. छपराचा उतार, उघडी बाजू, टेकडी, यानं आकडा वरखाली होतो. तुमची शेड चढावाच्या माथ्यावर असेल तर टेकडीसाठी वेग ३६ टक्क्यांपर्यंत वाढवून धरायला सांगितलंय, आणि मग दाब पावणेदोन पटीच्याही वर जातो. म्हणून कागदावरचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनियरकडनंच करून घ्या. साडेचारशे पक्ष्यांच्या नुकसानीपुढं त्याची फी काहीच नाही.

पोत्यांचं बघा. पोतं चाळीस किलोचं. ओढ चौरस मीटरला ९३. छपराचं स्वतःचं वजन वजा केलं तरी प्रत्येक चौरस मीटरला दोन पोती लागतील. तुमच्या छपरावर साडेपाचशे पोती! ती बारा महिने पर्लिनवर बसणार, ओल धरून पत्रा गंजवणार, आणि छप्पर उचललंच तर खालच्या माणसावर पडणार. जाड पत्र्याचंही तसंच. तुमचा पत्रा फाटलाच नाही, तर तो जाड करून काय मिळणार?

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. वडगावात एका पॉवरलूमच्या शेडचं काम मी केलं होतं, धंद्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी. पत्रा उत्तम, बोल्ट दाट, वेल्डिंग मी स्वतः केलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात वळवानं छप्पर एका तुकड्यात उचललं आणि बोळात नेऊन टाकलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून कुणी सापडलं नाही. वर चढून बघितलं तर प्रत्येक जोड शाबूत. फक्त कैच्यांचे बोल्ट विटांच्या वरच्या दोन थरांत गाडलेले होते, आणि ते दोन थर छपराबरोबर गेले होते. मालकाचे पैसे मी हप्त्यांनी परत केले. नंतर एका निवृत्त प्राध्यापकांकडं वर्षभर रविवारी जाऊन हा हिशेब शिकलो.

त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट कायम लक्षात राहिली. वाऱ्याची ओढ पत्र्यापासनं जमिनीपर्यंत कशी उतरते ते बोट ठेवून बघत जायचं. पत्र्यातनं स्क्रूत, स्क्रूतनं पर्लिनमध्ये, तिथनं कैचीत, कैचीतनं खांबात, खांबातनं बेस प्लेटच्या बोल्टात, आणि शेवटी काँक्रीटच्या वजनात. कुठं बोट अडलं की छप्पर तिथनंच जाणार. माझं अडलं विटांत. तुमचं अडलंय खड्ड्यात. आता फक्त खड्डा मोठा केला तर पुढच्या वेळी जे-बोल्ट सुटतील, म्हणून सगळंच बघा. काठाच्या दोन पर्लिनवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला रबर वाशेरचा स्क्रू, मध्ये एक सोडून एक. काठाला पर्लिन जवळ घ्या. वळचणीला खालनं तिरका टेकू द्या. आणि दोन्ही टोकांच्या गाळ्यांत फुलीचे एंगल मारा, नाहीतर पश्चिमेचा वारा लांबीनं आला की कैच्या पत्त्यांसारख्या एकावर एक लवंडतात.

दक्षिणेची भिंत वरपर्यंत बांधू नका. पक्ष्यांची हवा जाईल ती वेगळीच. पण वारा उत्तरेकडनं आला तर ती शेड म्हणजे तोंड उघडं ठेवलेलं पोतं होईल, आत आलेला वारा बाहेर पडणार कुठनं? पडदे ठेवा. वळवाचं वातावरण दिसलं की ज्या बाजूनं वारा येतो तो पडदा खाली सोडून घट्ट बांधा आणि समोरचा उघडा ठेवा. मग आतला दाबही कमी होतो आणि छपरावरची उचल कमी होते. बहुतेक लोक गडबडीत नेमकं उलटं करतात. पाऊस लागतो म्हणून मागचा पडदा आधी सोडतात.

आजीच्या घराचं राहिलं. कौल एकेक दोन किलोच्या वर, चौरस मीटरला पंधराएक बसतात. म्हणजे निव्वळ कौलांचंच तीस किलोच्या पुढं. शिवाय कौलांच्या फटींतनं हवा खालवर होते, त्यामुळं वरचा आणि खालचा दाब बराचसा सारखा होऊन जातो. तिसरं म्हणजे उतार. चार भिंतींच्या ठेंगण्या घराचा तक्ता बघितला तर वाऱ्याकडच्या पाख्यावर सगळ्यात जास्त ओढ १० अंशांच्या उताराला आहे, २० ला ती तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि ३० ला शून्य होते. जुन्या सुतारांनी पावसासाठी उतार उभा ठेवला, तो वाऱ्यालाही उपयोगी पडला. तुमच्या शेडचा उतार किती आहे ते मोजून कळवा.

---

माळावरची शेड

काका, आत्ता आप्पांना सगळं वाचून दाखवलं. खड्डा मोजला. पावणेदोन फूट चौकोनी आणि दोन फूटसुद्धा खोल नाही, खाली खडक लागला म्हणून तिथंच थांबवला होता. उतार लाकडी पट्टी धरून मोजला, दहा अंशांच्या आसपास आहे. आणि त्या दिवशी आम्ही उत्तरेचा पडदा आधी सोडला होता. मीच सोडला होता.

---

फॅब्रिकेशन, उद्यमबाग

ताई, ते मनाला लावून घेऊ नका. त्या खड्ड्यांवर पडदा कसाही असता तरी छप्पर राहिलं नसतं. खडक लागलाय हे चांगलंच झालं. खडकाला भोकं पाडून सळ्या ग्राउट करता येतात (सिमेंटचा पातळ माल ओतून पक्क्या बसवता येतात), मग काँक्रीट कमी लागतं. इंजिनियरला खडकाची खोली आवर्जून सांगा.

---

गोकाक फॉल्स

विषय थोडा बाजूचा आहे, पण काका एवढं उलगडून सांगतायत म्हणून विचारतो. धबधब्यावरच्या झुलत्या पुलावरनं आम्ही लहानपणी जायचो. २०१ मीटर लांब, खालच्या खडकापासनं १४ मीटर उंच. पावसाळ्यात घटप्रभा भरलेली, वारा सुटलेला, आणि पूल पायाखाली हलायचा. वडील म्हणायचे, हलतोय तोवर भीती नाही. पत्रा हलका म्हणून उडतो हे समजलं. पण पूल तर जड असतो, त्याला वाऱ्याचं भय का?

---

फॅब्रिकेशन, उद्यमबाग

जड पूलही वाऱ्यानं पडलेत. स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला, वरची गाडी घेऊन. सुमारे ७५ माणसं गेली. बांधून दोन वर्षंही झाली नव्हती. डिझाइनमध्ये वाऱ्याचा भार असा धरलाच नव्हता. आपल्या बेळगावात फाउंड्रीवाले पुष्कळ आहेत, त्यांनी पुढचं नीट वाचावं. त्या पुलाचे उंच खांब बिडाचे (ओतीव लोखंडाचे) होते. फुलीचे लोखंडी पट्टे खांबाला ज्या कानांत अडकवले होते ते कानही बिडाचे, खांबाबरोबरच ओतलेले. ओढ बसल्यावर कान तुटले. पट्टे शाबूत, कान गेले. बोट अडलं ते तिथं. त्यानंतर फोर्थ नदीवरचा पूल १८९० मध्ये झाला तो चौरस फुटाला ५६ पौंड वारा धरून. आपल्या हिशेबात चौरस मीटरला २७३ किलो, ताईंच्या शेडच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट.

झुलत्या पुलाचं दुखणं मात्र वेगळं. अमेरिकेत टॅकोमा इथला पूल १ जुलै १९४० ला सुरू झाला आणि ७ नोव्हेंबरला पडला. वारा किती? ताशी ६५-७० किलोमीटर. आपल्या वळवाला लाजवील असा मुळीच नव्हता, आणि नुसत्या धक्क्याच्या हिशेबानं पूल त्याहून कितीतरी जास्त सोसला असता. मधला गाळा ८५३ मीटर, रुंदी फक्त १२ मीटर, आणि दोन्ही कडांना आठ फूट उंचीचे भरीव पत्र्याचे गर्डर. पट्टीसारखा लांब आणि लवचीक. वारा त्या भरीव कडेवर आपटून भोवरे सोडायचा, पूल जरा पिरगळायचा, पिरगळला की वाऱ्यासमोरचा त्याचा कोन बदलायचा, आणि त्या कोनामुळं वारा त्याला आणखी पिरगळायचा. पुलाची हालचालच वाऱ्याकडनं जोर काढून घेत होती. तासभर असा पिळवटून तो तुटला. १९५० मध्ये त्याच जागी नवीन पूल झाला. त्याला ३३ फूट उंचीची जाळीची कैची दिली आणि रस्त्यातही वारा वर निघून जायला जाळ्या ठेवल्या. तेव्हापासून मोठ्या पुलाचं मॉडेल हवेच्या बोगद्यात तपासल्याशिवाय काम पुढं नेत नाहीत. चिनाबवरचा आपला रेल्वेपूल ताशी २६६ किलोमीटरचा वारा धरून केलाय.

म्हणून तुमच्या वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. थोडं हलणं ठीक. पण हलणं दर झोक्याला वाढत चाललं किंवा पूल एका कडेवर पिरगळायला लागला, तर त्यावर थांबू नये.

हे आपल्याकडंही दिसतं. मोठ्या टॉवरच्या विजेच्या तारा बघा, खांबाजवळ तारेला छोटे डंबेलसारखे दोन-दोन गोळे लटकवलेले असतात. वाऱ्याच्या भोवऱ्यांनी तार बारीक थरथरते आणि बांधलेल्या जागी झिजून तुटते, ती थरथर ते गोळे खातात. लोखंडी धुरांड्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याला स्क्रूच्या आट्यांसारखी पट्टी गुंडाळलेली असते. शोभेसाठी नसते ती. भोवरे धुरांड्याच्या सगळ्या उंचीवर एका तालात सुटू नयेत म्हणून असते. मी असं एक काम केलंय, आणि ती पट्टी वेल्ड करताना माणसं विचारायची की एवढं लोखंड फुकट का घालवता.

---

कडोलीचा शेतकरी

ताई, शेडच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला सिल्व्हर ओक किंवा बांबू लावा. झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. भिंतीसारखी दाट ओळ नको, वारा थोडा गाळून जाऊ दे, नाहीतर तो वरनं उडी मारून पलीकडं भोवरा करतो. आणि झाड पडलं तर शेडवर येणार नाही एवढं लांब. यंदाच्या मिरगाला लावलं तर चार वर्षांत आडोसा होईल.

---

माळावरची शेड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खानापूरहून एक इंजिनियर ताई येऊन गेल्या. खडक दोन ते अडीच फुटांवर आहे. त्यांनी प्रत्येक खांबाला तीन फूट चौकोनी पाया आणि खडकात चार सळ्या सांगितल्यात, कोपऱ्याच्या चार खांबांना सहा. उतार वीस अंशांवर नेतोय. त्यानं कैच्यांचं लोखंड वाढतंय, पण शाबूत पत्रे पुन्हा वापरता येतील. वळचण अडीच फूट, खाली टेकू. फॅब्रिकेटर आधी नाराज झाला. मग मी त्याला पत्र्यापासनं खड्ड्यापर्यंत बोट ठेवून दाखवलं, तेव्हा तो स्वतःच म्हणाला की कैची आणि खांबाचा जोड दोन बोल्टांचा आहे, तो चारचा करू.

आप्पा उद्यापासनं खड्डे काढायला माणसं लावतायत. काका, काँक्रीट ओतल्यावर खांब किती दिवसांनी उभे करायचे?

---

फॅब्रिकेशन, उद्यमबाग

सात दिवस पाणी मारा, उन्हाळा आहे, गोणपाट ओलं ठेवा. फाउंडेशन बोल्ट ओततानाच साच्यानं पक्के धरा, नंतर ठोकून वाकवू देऊ नका. खांब आठव्या दिवशी उभे केले तरी चालेल, पण पत्रा चढवायच्या आधी फुलीचे एंगल मारून घ्या. अर्धवट छपरावर वळीव आला तर सगळ्यात वाईट. पत्रे चढवायच्या दिवशी मी येतो, तुमच्या गावाकडं माझी बहीण दिली आहे.